प्लग-इन हायब्रिड: चार्ज २२ टक्के दिसत असताना चढावर अचानक पॉवर जाते. १२ व्होल्टची बॅटरी की मोठा पॅक?

वळणवाट

नमस्कार. गाडी प्लग-इन हायब्रिड आहे, सहा वर्षं वापरलेली. मोठा पॅक कागदावर १३ किलोवॅट-तासांचा, ९६ सेल ओळीत, साधारण ३५० व्होल्ट. सेल निकेल-मँगनीज-कोबाल्टचे, ३७ एएच (अँपिअर-तास). इंजिनाला वेगळा स्टार्टर नाही, मोटर-जनरेटरच इंजिन फिरवून सुरू करतो. १२ व्होल्टची बॅटरी एजीएम (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेली लेड-ॲसिड), ४५ एएच, कंपनीतून आलेली तीच.

त्रास दोन तऱ्हेचा आहे. विजेवर चालवताना चढावर जोरात पेडल दाबलं की पॉवरच्या मीटरची वरची मर्यादा आक्रसत जाते, कासवाचा दिवा लागतो आणि २२ टक्के दिसणारा चार्ज काही सेकंदांत ४ वर येतो. इंजिन सुरू होतं, पण गाडीला ओढ राहत नाही. कधी कधी याच्या पुढे जाऊन ‘हायब्रिड सिस्टिममध्ये बिघाड, सुरक्षित जागी थांबा’ असा संदेश येतो आणि गाडी पूर्णच हात टेकते. बंद करून थोड्या वेळाने चालू केली की चालते. थंडीत सकाळी प्रमाण जास्त.

साध्या स्कॅनरवर दोन कोड मिळाले: पी०ए७एफ आणि पी०५६२. एका वर्कशॉपचं म्हणणं पूर्ण पॅक बदला, दुसऱ्याचं म्हणणं आधी १२ व्होल्टची बॅटरी बदलून बघा. बदलाबदली सुरू करण्यापूर्वी काय मोजावं? आणि तोवर गाडी चालवावी का?

---

तारतंत्र

दोन्ही सल्ले मोजमाप न करता दिलेले वाटतात. ‘पॉवर गेली’ या एका तक्रारीत तीन अगदी वेगळे प्रकार मिसळतात, ते आधी सोडवून घ्या.

पहिला प्रकार, बीएमएस (पॅक सांभाळणारी नियंत्रण यंत्रणा) हात आखडता घेते. पॅक जोडलेलाच असतो, फक्त ‘आत्ता इतकेच किलोवॅट मिळतील’ अशी मर्यादा मोटरच्या कंट्रोलरला कळवली जाते. सेलचा व्होल्टेज खाली जातोय, पॅक फार गार किंवा फार गरम आहे, किंवा इन्व्हर्टर (पॅकची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा भाग) तापलाय, अशी कारणं असतात. पॉवर पायरीपायरीने कमी होते, कासव दिसतं, गाडी रांगत का होईना चालते. तुमची पहिली तऱ्हा हीच.

दुसरा, मुख्य कॉन्टॅक्टर (पॅक गाडीला जोडणारे मोठे विद्युत स्विच) उघडतात. मग मोठ्या पॅकचा संबंध एका क्षणात तुटतो. तुमच्या रचनेत इंजिन सुरू करणारी मोटरही त्याच पॅकवर असल्याने, त्या क्षणी इंजिन बंद असेल तर ते सुरूच होऊ शकत नाही. टाकीत पेट्रोल भरलेलं असूनही गाडी उभी राहते ती यामुळे.

तिसरा, १२ व्होल्टची बाजू कोसळते. कॉन्टॅक्टरच्या कॉइल, सगळे कंट्रोलर, कूलंटचे पंप, स्टिअरिंग हे सगळं १२ व्होल्टवर चालतं. ती बाजू ९-१० व्होल्टच्या खाली गेली की मोठा पॅक ठणठणीत असला तरी कॉन्टॅक्टर धरून ठेवता येत नाहीत. यात बहुधा डॅशबोर्डवर एकाच वेळी एकमेकांशी संबंध नसलेले अनेक दिवे लागतात: एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, हायब्रिड, सगळे.

आता कोड. पी०ए७एफ म्हणजे पॅकची झीज, पी०५६२ म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला कमी व्होल्टेज. नुसती नावं वाचून निदान होत नाही. कोडसोबत बहुधा फ्रीझ फ्रेम साठवलेली असते, म्हणजे कोड पडला त्या क्षणाची नोंद. त्यातून चार गोष्टी काढा: गाडीचा वेग, सर्वांत कमी सेलचा व्होल्टेज, पॅकचा करंट आणि १२ व्होल्टच्या बाजूचा व्होल्टेज. दोन कोड एकाच घटनेचे आहेत की वेगळ्या, याचं उत्तर तिथेच मिळतं. साध्या स्कॅनरवर हे दिसलं नाही तर हायब्रिडचे खास पॅरामीटर वाचणारं ॲप किंवा अधिकृत स्कॅन टूल लागेल. आणि तोवर कोड पुसू नका. कोड पुसले की फ्रीझ फ्रेमही जाते, आणि नेमकं हेच वर्कशॉपमध्ये सर्वांत आधी केलं जातं.

---

एजीएम_वाला

१२ व्होल्टची बाजू स्वस्तात तपासता येते, म्हणून ती आधी उरकून घ्या.

हायब्रिडमध्ये या बॅटरीवर इंजिन क्रँक करण्याचा भार नसतो, त्यामुळे ‘सकाळी स्टार्टर जड फिरतोय’ ही ओळखीची सूचना मिळतच नाही. बॅटरी आतून संपत आलेली असते आणि गाडी रोज चालू होत असते. सहा वर्षांची मूळ एजीएम म्हणजे वयानेच संशयित.

मोजण्याचा क्रम असा ठेवा. रात्री बॅटरीपर्यंत पोचण्याचं झाकण उघडं ठेवा, दाराचं लॅच हाताने बंद करा म्हणजे गाडीला सगळं बंद आहे असं वाटेल, चावी दूर ठेवा. सकाळी काहीही न उघडता थेट बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा. १२.८ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मग मीटर तसाच ठेवून गाडी अनलॉक करा. दहा-वीस अँपिअरचा भार येतो, त्यावर चांगली बॅटरी एक-दोन दशांश व्होल्ट पडते. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडली तर आतला रोध वाढलाय.

नंतर गाडी रेडीमध्ये, म्हणजे चालवायला तयार स्थितीत, आणा. आता डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या पॅकमधून १२ व्होल्टची बाजू चार्ज करणारा) चालू असतो, टोकांवर साधारण १३.५ ते १४.८ व्होल्ट दिसायला हवेत. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर असं सगळं लावून पुन्हा बघा. १३ च्या खाली घसरत असेल तर कन्व्हर्टर, त्याचा फ्यूज किंवा अर्थिंगची पट्टी बघावी लागेल. भार चालू असताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि बॉडी यांच्यात ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर पट्टीचा सांधा घासून साफ करा. हा सांधा खराब असताना नवी बॅटरी टाकूनही तेच कोड परत येतात.

शेवटी झोपेतला करंट. क्लॅम्प मीटर मिलिअँपिअर दाखवणारा हवा. सगळे कंट्रोलर झोपायला अर्धा-एक तास लागू शकतो, तोवरच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका. त्यानंतर २० ते ५० मिलिअँपिअर ठीक. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच. ३०० निघाले तर दिवसाला ७ एएचच्या वर, म्हणजे तुमची ४५ एएचची बॅटरी आठवडाभरात संपली.

बदलायची वेळ आली तर एजीएमच घ्या. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर वायू बाहेर नेणारी बारीक नळी पुन्हा जोडायला विसरू नका. निगेटिव्ह टोकावर करंट सेन्सर असेल तर स्कॅन टूलने नव्या बॅटरीची नोंद करून घ्या, नाहीतर कंट्रोलर जुन्या बॅटरीचा हिशोब पुढे चालवत राहतो.

---

सेल_९६

माझा कौल मोठ्या पॅककडे, आणि त्यातही बहुधा एकाच सेलकडे. कारण तुमच्या वर्णनातलं ‘२२ वरून सरळ ४’.

डॅशबोर्डवरचा टक्का मोजलेला नसतो, हिशोबाने काढलेला असतो. बीएमएस आत-बाहेर जाणारा करंट मोजत बेरीज-वजाबाकी करते आणि गाडी बराच वेळ उभी राहिली की सेलच्या शांत व्होल्टेजवरून तो हिशोब दुरुस्त करते. करंट सेन्सरमध्ये अर्ध्या अँपिअरची चूक असली तरी दहा तासांत ५ एएच इकडचे तिकडे होतात, तुमच्या ३७ एएचच्या पॅकमध्ये ती जवळजवळ १४ टक्क्यांची चूक झाली. (एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट, सेल असलेल्या प्लग-इन गाड्यांत हा घोळ आणखी मोठा, कारण त्यांचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. तिथे अधूनमधून पूर्ण १०० टक्के चार्ज करणं हाच उपाय.)

टक्का काहीही असो, पॉवर किती द्यायची हे ठरवताना बीएमएस ९६ पैकी सर्वांत कमजोर सेल बघते. गणित करा. ५० किलोवॅट काढताना करंट सुमारे १५० अँपिअर. चांगल्या सेलचा आतला रोध १.२ मिलिओहम धरला तर १५० अँपिअरला तो ०.१८ व्होल्ट पडतो: ३.५५ वरून ३.३७. खराब सेलचा रोध ४ मिलिओहम असेल तर तो ०.६ व्होल्ट पडून २.९५ वर येतो. खालची मर्यादा ३ व्होल्टच्या आसपास असते, त्यामुळे बाकीचे ९५ सेल मजेत असताना या एकामुळे अख्ख्या गाडीची पॉवर कापली जाते. त्याच वेळी बीएमएसला कळतं की पॅक वाटला त्यापेक्षा रिकामा आहे, आणि टक्का धाडकन खाली येतो. शून्य अंशाजवळ रोध दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून थंड सकाळी त्रास जास्त.

काय करा: सगळ्या ९६ सेलचे व्होल्टेज एकत्र दाखवणारं ॲप किंवा टूल घ्या, आणि शेजारी कोणीतरी बसून नोंद करू द्या, चालवणाऱ्याने स्क्रीन बघू नये. तीन नोंदी हव्यात. एक, पूर्ण चार्ज करून दोन-तीन तास उभी असताना. दोन, २५-३० टक्क्यांवर, उभी असताना. तीन, त्याच चार्जवर मोकळ्या चढावर ठरावीक पॉवरने चालवताना, करंटसकट. पेडल सोडल्यावर दोन-तीन मिनिटं नोंद चालूच ठेवा, ती मिनिटं महत्त्वाची आहेत. आकडे इथे टाका.

---

वळणवाट

सगळ्यांचे आभार. आकडे असे:

१२ व्होल्ट: सकाळी १२.३१, अनलॉक करताच ११.४, रेडीमध्ये १४.२, सगळे भार लावून १३.९. झोपेतला करंट ३० मिलिअँपिअर.

फ्रीझ फ्रेम: पी०५६२ वेग ०, गाडी रेडीमध्ये नाही, ९.६ व्होल्ट. पी०ए७एफ वेग ४६, सर्वांत कमी सेल २.६१ व्होल्ट, १२ व्होल्टच्या बाजूला १४.१.

सेल: पूर्ण चार्जवर सगळे ४.१० ते ४.११, सेल ५७ सुद्धा ४.१०. २८ टक्क्यांवर उभी असताना बाकीचे ३.६१ ते ३.६२, सेल ५७ मात्र ३.५८. १२० अँपिअर काढताना बाकीचे ३.४४ ते ३.४६, सेल ५७ थेट ३.०२. शेजारचे ५६ आणि ५८ बाकीच्यांसारखेच. पेडल सोडल्यावर ५७ लगेच ३.३ च्या वर आला आणि मग हळूहळू चढत राहिला, दोन मिनिटांनीही ३.५५ वरच होता. पॅकचं तापमान १९ अंश.

---

सेल_९६

नोंदी उत्तम आहेत, यावरून बरंच ठामपणे बोलता येतं.

रोध काढू. बाकीचे सेल १२० अँपिअरला ०.१६ व्होल्ट पडले: १.३ मिलिओहम. सेल ५७ पडला ०.५६: ४.७ मिलिओहम. साडेतीनपट.

आता हा रोध सेलच्या आतला की बाहेरच्या जोडपट्टीचा, ते बघायला हवं, कारण जोडपट्टीचा ढिला किंवा गंजलेला सांधाही भाराखाली अगदी असाच आकडा दाखवतो. फरक तीन ठिकाणी दिसतो. सांध्यामुळे झालेली व्होल्टेजची पड करंट थांबताक्षणी पूर्ण नाहीशी होते, तुमचा सेल मात्र मिनिटं घेत सावरतोय, हे सेलच्या आतल्या रसायनाचं लक्षण. दुसरं, सांधा खराब असता तर उभ्या गाडीत फरक दिसलाच नसता, तुमच्याकडे २८ टक्क्यांवर ३० मिलिव्होल्टचा फरक आहे. तिसरं, मोजणीची तार खराब असती तर ती तार दोन सेलमध्ये सामाईक असल्याने एक सेल कमी आणि शेजारचा तितकाच जास्त दिसला असता. ५६ आणि ५८ सरळ आहेत. म्हणजे सेल ५७ खरोखरच गेलाय.

पूर्ण चार्जवर तो बाकीच्यांच्या बरोबरीने आहे आणि खाली जाताना मागे पडतोय. याचा अर्थ त्याची क्षमता कमी झाली आहे, चार्ज आपोआप गळत असण्याची शक्यता कमी. गळती असती तर तो वरच्या टोकालाही मागे दिसला असता. पण इथे बीएमएस फरक झाकू शकते: ती चार्जच्या शेवटी बाकीच्या सेलमधून ५० ते १०० मिलिअँपिअर जाळून सगळ्यांना एका पातळीवर आणते. म्हणून खात्रीसाठी मध्यम चार्जवर, प्लग न लावता गाडी आठवडाभर उभी ठेवा आणि आधी-नंतरचा फरक बघा. ५७ चा फरक दोन-चार मिलिव्होल्टच्या आत राहिला तर ठीक. वाढत गेला तर आत सूक्ष्म शॉर्ट असू शकतो, आणि मग प्रश्न पॉवरचा राहत नाही, आगीचा होतो. तशा पॅकला चार्जिंगला लावायचं नाही, गाडी इमारतीपासून दूर उघड्यावर ठेवायची.

बॅलन्सिंगने हा सेल सुधारेल अशी आशा धरू नका. ज्यांच्या पॅकमध्ये सेल नुसते वरखाली झालेत त्यांना त्याचा उपयोग होतो, तोही सावकाश: ३७ एएचचे ५ टक्के म्हणजे १.८५ एएच, १०० मिलिअँपिअरने जाळायला साडेअठरा तास. पूर्ण चार्जनंतर गाडी प्लगला तशीच राहू देणं हा त्यावरचा उपाय. झिजलेल्या सेलची क्षमता त्याने परत येत नाही.

---

एजीएम_वाला

१२ व्होल्टचंही उत्तर मिळालं. रात्रभरात १२.३१ आणि अनलॉकला ०.९ व्होल्टची पड. २० अँपिअरचा भार धरला तर आतला रोध ४५ मिलिओहम होतो, या आकाराची चांगली एजीएम १० च्या आत असते. बॅटरी संपली आहे. कन्व्हर्टर मात्र व्यवस्थित आहे (भारावर १३.९), आणि झोपेतला करंटही.

पण फ्रीझ फ्रेम नीट वाचा: पी०५६२ उभ्या गाडीत, चालू करताना पडलाय. रस्त्यावर पॉवर गेली तेव्हा १२ व्होल्टच्या बाजूला १४.१ होते. म्हणजे रस्त्यावरचा त्रास १२ व्होल्टमुळे नाही. बॅटरी बदलल्यावर दिवे कमी होतील आणि दुरुस्ती झाली असं वाटेल, तसं समजू नका.

तरीही ती आधी बदला. सेल ५७ मुळे कॉन्टॅक्टर उघडले की डीसी-डीसी कन्व्हर्टरही बंद पडतो आणि स्टिअरिंग, ब्रेकचा विद्युत बूस्टर, धोक्याचे दिवे सगळे या एका बॅटरीवर येतात. स्टिअरिंग वळवताना क्षणभर ८० ते १०० अँपिअर जातात. ४५ मिलिओहमच्या बॅटरीवर ती साडेतीन ते साडेचार व्होल्टची पड होते. नेमकं कडेला घ्यायच्या वेळी स्टिअरिंग जड होईल.

---

तारतंत्र

दुसरी तऱ्हा, म्हणजे पूर्ण बंद पडणं, हीसुद्धा याच सेलने स्पष्ट होते. २.६१ व्होल्ट ही पॉवर कापण्याच्या मर्यादेच्याही खाली आहे. पॉवर कापूनही सेल सावरला नाही की बीएमएस सेल वाचवण्यासाठी कॉन्टॅक्टर उघडते.

इतरांना उपयोग व्हावा म्हणून, कॉन्टॅक्टर उघडण्याची किंवा न जुळण्याची आणखी कारणं. इंटरलॉक: उच्च व्होल्टेजच्या सगळ्या नारिंगी कनेक्टरांतून आणि सर्व्हिस प्लगमधून (दुरुस्तीआधी पॅकची जोडणी तोडण्यासाठी काढायचा प्लग) फिरणारी एक बारीक तार. कुठलाही कनेक्टर अर्धवट बसला की ती तुटते, पी०ए०डी सारखा कोड येतो. अपघाताच्या दुरुस्तीनंतर किंवा सर्व्हिस प्लग काढून बसवल्यानंतर हे हमखास. प्रीचार्ज: चालू करताना आधी एक कॉन्टॅक्टर, मग रोधातून इन्व्हर्टरचे कपॅसिटर भरले जातात, मग मुख्य कॉन्टॅक्टर. ३० ओहम आणि १००० मायक्रोफॅरड धरले तर सेकंदाच्या सहाव्या-सातव्या भागात काम होतं. ठरलेल्या वेळात व्होल्टेज चढला नाही तर रेडी येतच नाही. वारंवार बंद-चालू, बंद-चालू केल्याने हा रोध तापून जळतो, म्हणून बंद पडलेल्या गाडीचं बटन सतत दाबत बसू नका.

इन्सुलेशन हा वेगळा विषय आहे आणि फार दुर्लक्षित. उच्च व्होल्टेजची बाजू बॉडीपासून पूर्ण अलग हवी. संयुक्त राष्ट्रांच्या आर १०० नियमानुसार डीसी बाजूला प्रत्येक व्होल्टमागे किमान १०० ओहम, म्हणजे ३५० व्होल्टला ३५ किलोओहम, आणि एसी बाजूला ५०० ओहम. खाली गेलं की पी०एए६. पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर येत असेल तर चार्जिंगचं सॉकेट आणि पॅकचं सील बघा. एअर कंडिशनरच्या कामानंतर आला असेल तर कॉम्प्रेसरमध्ये कुठलं तेल भरलं ते विचारा. विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची मोटर त्या तेलातच फिरते, त्यामुळे त्याला ठरावीक पीओई तेल लागतं. नेहमीचं पीएजी तेल थोडं जरी मिसळलं तरी इन्सुलेशन घसरतं, आणि दोष बॅटरीच्या माथी मारला जातो. या कोडने गाडी बहुधा चालता चालता थांबत नाही, पण एकदा बंद केली की पुन्हा रेडी होत नाही.

---

वळणवाट

सेल ५७ पाचव्या मॉड्यूलमध्ये येतो (१२ सेलचं एक, एकूण आठ). फक्त ते मॉड्यूल बदललं तर चालेल का? एका ठिकाणी वापरलेलं मॉड्यूल मिळतंय.

---

सेल_९६

चालेल, बाकीचे ९५ सेल एकमेकांच्या इतके जवळ आहेत म्हणूनच. ते विखुरलेले असते तर नको म्हटलं असतं. मात्र आधी बघा की पॅक वॉरंटीत आहे का. प्लग-इन हायब्रिडच्या पॅकवर आठ वर्षांची वॉरंटी सर्रास असते, सहा वर्षांच्या गाडीत स्वतः झाकण उघडणं म्हणजे ती घालवणं. तुमच्या नोंदी छापून दाखवा, सेलचे आकडे समोर ठेवल्यावर ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवणं अवघड जातं.

वापरलेलं मॉड्यूल घ्यायचं तर त्याच पिढीचं, त्याच पार्ट नंबरचं, आणि क्षमता मोजून. व्होल्टेज बरोबर आहे यावरून क्षमता कळत नाही, ५७ सुद्धा पूर्ण चार्जवर ४.१० दाखवतोच. विक्रेत्याकडे डिस्चार्जची नोंद नसेल तर घेऊ नका. ओळीत एकाच सेलची क्षमता कमी असली की पॅक पुन्हा तिथेच.

पातळी जुळवताना वरच्या टोकाला जुळवा. बीएमएस वर बॅलन्स करते, त्यामुळे पॅक जवळजवळ पूर्ण चार्ज असताना त्याचे सेल आणि नव्या मॉड्यूलचे सेल १० मिलिव्होल्टच्या आत आणा, मग जोडा. ३० टक्क्यांवर जुळवून जोडलं आणि क्षमता वेगळ्या असल्या तर वर पोचताना एक मॉड्यूल आधीच भरतं आणि बाकीचे अर्धवट राहतात.

---

तारतंत्र

मॉड्यूल बदलायला माझा विरोध नाही, पण हे घरी करायचं काम नाही.

एक मॉड्यूल ४४ व्होल्टचं, म्हणजे ६० व्होल्टच्या खाली, म्हणून लोक निर्धास्त होतात. शॉक बसणार नाही हे खरं, पण त्याचा एकूण रोध १६ मिलिओहमच्या आसपास आहे. पाना दोन टोकांवर पडला तर अडीच हजार अँपिअरच्या वर करंट जातो, पाना वितळतो आणि धातूचे थेंब तोंडावर उडतात. दोन मॉड्यूल ओळीत आली की ६० व्होल्टची मर्यादाही ओलांडली.

प्रशिक्षित माणूस काय करतो ते सांगतो, म्हणजे वर्कशॉपमध्ये काय बघायचं ते कळेल. गाडी बंद, चावी दूर, १२ व्होल्टचं निगेटिव्ह काढलेलं. सर्व्हिस प्लग काढून खिशात, दुसऱ्या कोणी लावू नये म्हणून. कपॅसिटर रिकामे होण्यासाठी किमान दहा मिनिटं थांबणं. मग १००० व्होल्टचे क्लास शून्य हातमोजे, वर चामड्याचे, आणि कॅट ३ दर्जाच्या १००० व्होल्टच्या मीटरने इन्व्हर्टरच्या बाजूला शून्य आहे याची खात्री. तोच मीटर त्याआधी आणि नंतर माहीत असलेल्या व्होल्टेजवर तपासलेला. पॅकच्या आत मात्र सर्व्हिस प्लग काढल्यावरही व्होल्टेज असतोच, तो कुठे जात नाही. जोडपट्ट्यांचे बोल्ट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला, झाकणाचं सील नवीन, आणि बंद केल्यावर हवेच्या दाबाने गळती तपासलेली. यातलं काही होत नसेल तर त्या वर्कशॉपला पॅक देऊ नका. जुनं सील पुन्हा वापरलं की पुढच्या पावसाळ्यात पी०एए६ ठरलेला.

---

दुरुस्तीवही

दोन गोष्टी राहिल्या आहेत.

सगळ्यात आधी चॅसिस नंबर टाकून उत्पादकाच्या साइटवर रिकॉल (दोषामुळे कंपनीने दुरुस्तीला परत बोलावलेल्या गाड्या) बघा, कुठलाही खर्च करण्यापूर्वी. या प्रकारच्या गाड्यांत रिकॉल बरेच झालेत आणि ते सगळे बॅटरीचे नाहीत. फोर्ड कुगा प्लग-इनचा २०२० मध्ये झाला, मालकांना चार्जिंग थांबवायला सांगितलं होतं. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूच्या प्लग-इन गाड्यांचा झाला, सेल बनवताना आत गेलेले कण हे कारण. क्रायस्लर पॅसिफिका हायब्रिडमध्ये तर एकाच मॉडेलला वेगवेगळी कारणं निघाली: २०१७ मध्ये इन्व्हर्टरमधला डायोड, २०२२ मध्ये उभ्या गाड्यांना लागणाऱ्या आगी, २०२३ मध्ये ट्रान्समिशनच्या आतलं वायरिंग. डायोड आणि वायरिंग, दोन्हींत चालती गाडी बंद पडत होती आणि बॅटरीचा दोष नव्हता. २०२४ मध्ये जीपच्या ४एक्सई गाड्या आल्या, तिथे सेलमधल्या सेपरेटरचं नुकसान हे कारण दिलं गेलं.

आता ‘तोवर चालवावी का’. आठवडाभराच्या चाचणीत ५७ चा फरक स्थिर राहिला तरच, आणि अशी: चार्ज ५० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, चार्ज राखून ठेवण्याचा मोड लावा. चार्ज जास्त असताना कमजोर सेलचाही व्होल्टेज खालच्या मर्यादेपासून दूर असतो. चढ येण्यापूर्वी इंजिन चालू असू द्या, सगळा भार पॅकवर पडू देऊ नका. थंड सकाळी प्लग लावलेला असतानाच गाडी आतून गरम करून घ्या. जिथे वाहनं वेगात अंगावर येतात आणि कडेला जागा नाही अशा रस्त्याने, बोगद्यातून किंवा लांबच्या ओव्हरटेकला नको.

चालताना पॉवर गेलीच तर धोक्याचे दिवे लावा आणि उरलेल्या वेगावरच कडेला घ्या. गाडी थांबेपर्यंत पॉवरचं बटन दाबू नका. ब्रेक एकदाच दाबून धरा, वर-खाली करत राहिलात तर बूस्टरचा राखीव साठा संपतो. थांबल्यावर पूर्ण बंद करून काही मिनिटांनी एकदा प्रयत्न करा. उग्र गोडसर वास, सिस् असा आवाज, गाडीखालून पांढरा धूर किंवा बॅटरीच्या तापमानाचा इशारा यांपैकी काहीही दिसलं तर सामान न काढता सगळे बाहेर, लांब उभे राहा आणि अग्निशमन दलाला गाडी हायब्रिड आहे हे सांगा. टोइंगला सपाट ट्रकच मागवा. चालकचाकं जमिनीवर ठेवून ओढली तर आतली चुंबकीय मोटर फिरते आणि बंद गाडीतही व्होल्टेज तयार करते.

---

वळणवाट

आठवडाभराची नोंद: सेल ५७ चा फरक आधी १४ मिलिव्होल्ट, नंतर १५. चॅसिस नंबरवर रिकॉल नाही. १२ व्होल्टची एजीएम बदलून नोंद करून घेतली, अनलॉकची पड आता ०.१. पॅक वॉरंटीत आहे, सेलच्या नोंदी आणि दोन्ही फ्रीझ फ्रेम जोडून दावा दाखल केलाय. त्यांनी पूर्ण पॅकऐवजी मॉड्यूल बदलण्याचा प्रस्ताव दिला तर काय मागून घ्यावं?

---

सेल_९६

एक मिलिव्होल्ट म्हणजे गळती नाही, चांगली बातमी.

तीन गोष्टी लेखी मागा. नव्या मॉड्यूलचा पार्ट नंबर आणि मोजलेली क्षमता. काम झाल्यावर पूर्ण चार्जवरचे सगळ्या ९६ सेलचे व्होल्टेज, आणि १०० अँपिअरच्या वर भार असतानाचे. इन्सुलेशनचा मोजलेला आकडा ओहममध्ये, नुसतं ‘ठीक’ नको. शिवाय बीएमएसमधली क्षमतेची जुनी नोंद रीसेट केली का ते विचारा, नाहीतर नवं मॉड्यूल बसूनही गाडी काही काळ जुन्याच हिशोबाने पॉवर कापत राहील. गाडी हातात आल्यावर त्याच चढावर, २५-३० टक्क्यांवर, १२० अँपिअरची तीच चाचणी करा. सेल ४९ ते ६० बाकीच्यांपासून ३० मिलिव्होल्टच्या आत असतील तर काम नीट झालंय.